पाटा काढण्याआधी

(तुर्भ्यात पिकअप चालक-मालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, भरलेली पिकअप गुमान चालते आणि रिकामी झाली की आपटायला लागते, हे तुम्हाला मी सांगायला नको. मार्केटात माल उतरवून परत निघालात की खाडीपुलाच्या प्रत्येक सांध्याला मागून दणका बसतो. मग कुणीतरी सल्ला देतं, “मागचा एक पाटा काढून टाक, कारसारखी चालेल.” पाटा म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगमध्ये एकावर एक रचलेल्या लोखंडी पट्ट्यांपैकी एक. आज मी बोलणार आहे ते या सल्ल्याच्या विरोधात.

थोडा हिशोब मांडतो. गाडीच्या वजनाखाली स्प्रिंग किती दबते, त्यावर तिची उसळी ठरते. 25 सेंटीमीटर दबली तर गाडी सेकंदाला साधारण एकदा वरखाली होते. 4 सेंटीमीटरच दबली तर अडीच वेळा. वजन चौपट झालं की हा वेग निम्म्यावर येतो. कारमध्ये माणसं दोन बसली काय नि पाच बसली काय, मागच्या चाकांवरचं वजन फारसं बदलत नाही. तुमच्या हौद्यात, म्हणजे मागच्या माल भरायच्या जागेत, मात्र कधी दीड टन कांदा असतो, तर कधी नुसती ताडपत्री. पाटे त्या दीड टनासाठी बनवलेले असतात, त्यामुळे रिकाम्या गाडीला ते कडक लागणारच. हेल्पर पाटा, म्हणजे मदतीचा जादा पाटा, वेगळा ठेवतात तोही याचसाठी, की ओझं वाढल्यावरच त्याने टेकावं.

मॉरिस ऑली नावाच्या इंजिनिअरने 1930च्या दशकात जनरल मोटर्समध्ये गाडीच्या उसळीवर पुष्कळ काम केलं. त्याचं म्हणणं असं, की खड्डा आधी पुढच्या चाकांना लागतो, म्हणून मागची उसळी पुढचीपेक्षा किंचित जलद असावी. म्हणजे मागची बाजू पुढचीला गाठते आणि दोन्ही टोकं एकत्र वरखाली होतात. ताशी 54 किलोमीटरने जाणाऱ्या, तीन मीटर व्हीलबेसच्या (पुढच्या आणि मागच्या चाकांतल्या अंतराच्या) गाडीत पुढच्या आणि मागच्या दणक्यात फक्त 0.2 सेकंदाचं अंतर असतं. ‘किंचित जलद’ म्हणजे किती, ते एवढ्यावरून लक्षात येईल. रिकाम्या पिकअपची मागची उसळी किंचित नाही, फारच जलद होते, आणि गाडी उधळल्यासारखी वाटते.

म्हणजे काही कडकपणा गाडीबरोबरच आलेला आहे. पण तुमच्यातल्या बऱ्याच गाड्यांत त्यावर दुसरा एक दोष चढलेला असतो, आणि तो घालवता येतो. पाटे नुसते कडक नसतात, अडकलेले असतात.

पाट्यांचा सेट दबतो तेव्हा पाटे एकमेकांवर घसरतात. इथली खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस, आणि उरण-करंजाहून मासळी आणणाऱ्यांच्या गाडीत बर्फाचं खारं पाणी थेट मागच्या पाट्यांवर गळतं. पाट्यांमध्ये गंज धरतो. मग लहान सांध्याला पाटे हलतच नाहीत. सगळा सेट एकच जाड लोखंडी पट्टी असल्यासारखा दणका वर पाठवतो, आणि मोठ्या खड्ड्यातच काय तो सुटतो.

हे घरी तपासता येतं. गाडी सपाट जागी उभी करा. दोन जणांना फाळक्याजवळ (मागच्या उघडत्या फळीजवळ) हौद्यात उभं करा, हळूच उतरवा आणि मागच्या चाकाच्या मध्यापासून हौद्याच्या कडेपर्यंत उंची मोजा. मग चौघांनी मागची बाजू उचलून हळूच सोडा आणि पुन्हा मोजा. पाटे मोकळे असतील तर दोन मापं जवळजवळ सारखी येतील. बोट-दोन बोटं फरक पडला तर सेट अडकला आहे, पाटा काढायची चर्चा तिथेच थांबवा.

उपाय सोपा आहे, पण कष्टाचा. सेट उतरवायचा, पाटे सुटे करायचे, तारेच्या ब्रशने घासायचे. खालच्या पाट्याच्या टोकाने वरच्या पाट्यावर खाच पाडली आहे का, चीर गेली आहे का ते बघायचं, पाट्यांमधले झिजलेले पॅड बदलायचे आणि लोखंडावर लोखंड घासतं तिथे ग्रॅफाइट ग्रीस लावायचं. काही जण वरून जळकं ऑइल मारतात. ते करू नका. त्यावर धूळ बसते, पाट्याच्या टोकांच्या भोकांतले रबरी बुश फुगतात, आणि ब्रेकपर्यंत थेंब गेला तर त्याहून वाईट. रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच आवळा. जॅकवर लटकत्या पाट्यात आवळलेलं रबर गाडी खाली आल्यावर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

आता पाटा काढण्याचा हिशोब. सारख्या जाडीच्या पाचातला एक काढला तर कडकपणा पाचव्या हिश्शाने कमी होतो. उसळीचा वेग मात्र फक्त दहा टक्क्यांनी उतरतो, तो तुमच्या कमरेला कळणारही नाही. उरलेल्या चार पाट्यांवर मात्र प्रत्येकी पंचवीस टक्के जादा भार येतो, आणि तो कळतो खोपोलीच्या घाटात, पाटा तुटल्यावर.

शिवाय ब्रेक. अनेक पिकअपमध्ये मागच्या एक्सलला (दोन्ही चाकांमधल्या आसाला) दांडीने जोडलेला एक व्हॉल्व्ह असतो. हौदा किती खाली बसला आहे त्यावरून तो मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा ते ठरवतो. पाटा काढून उंची बदललीत, की रिकामी गाडीही त्याला भरलेली वाटते. पावसात मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी आडवी जाते. उलट, जादा पाटा घालून जास्त माल भरणाऱ्यांनाही सांगतो, पाटा वाढवला म्हणून आरसीवरचं (नोंदणी पुस्तकातलं) परवानगीचं वजन वाढत नाही. जादा वजनाला मोटार वाहन कायद्याच्या कलम 194खाली 20,000 रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनामागे 2,000.

टायरचं थोडक्यात. भरलेल्या गाडीची हवा ठेवून दिवसभर रिकामी पळवू नका. कंपनीने रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी वेगळे आकडे दिले असतील तर ते पाळा, गार टायरवर मोजा, आणि माल भरण्याआधी हवा परत वाढवा. हे विसरणारा असाल तर कमी करूच नका, कमी हवेचा भरलेला टायर तापून फुटतो.

शॉकअपबद्दल, म्हणजे शॉक अॅब्सॉर्बरबद्दल, एक गैरसमज आहे, की जेवढा जाड तेवढी गाडी मऊ. शॉकअप पहिला दणका खात नाही, दुसरी-तिसरी उसळी थोपवतो. फार कडक घातलात तर पुलाच्या सांध्यावर गाडी आणखी आपटेल. चांगला आहे की मेला, हे खराब रस्त्यावरून आल्यावर हाताने कळतं. काम करणारा कोमट लागतो, मेलेला गारच राहतो. बदलायचे तर जोडीने.

आणि सेट बसवून घेतलात तर नवे यू-बोल्ट (सेट एक्सलला आवळून धरणारे) घाला, काही शे किलोमीटर चालवून, एकदा माल वाहून झाला की गॅरेजवर परत या आणि टॉर्क पान्याने पुन्हा आवळून घ्या. यू-बोल्ट ढिला राहिला तर पाटे मधोमध जोडणारा सेंटर बोल्ट तुटतो, एक्सल जागेवरून सरकतो आणि गाडी तिरकी पळते. फेरी बुडते म्हणून हे पुढे ढकलू नका. प्रश्न विचारा आता.