तोच पक्षी पुन्हा आला का?

मित्रहो, ओहोटीच्या वेळी शिवडीच्या धक्क्यावर उभे राहिले, की बहुतेकांचे लक्ष रोहित पक्ष्यांकडे जाते. मला आज बोलायचे आहे ते त्यांच्या पायांशी धावणाऱ्या चिखल्या, टिलवा, पाणटिवळा अशा मातकट रंगाच्या पक्ष्यांविषयी, आणि त्याच ओघात समुद्राच्या पाण्यातून वीज काढण्याच्या आपल्या इच्छेविषयी. ही इच्छा माझीही आहे, पण त्यासाठी बंधारा घातला तर या पक्ष्यांचा चिखल पाण्याखाली जाऊ शकतो, आणि म्हणूनच मला विचारावेसे वाटते, की गेल्या हिवाळ्यात इथे आलेला तोच पक्षी यंदा परत आला आहे का?

नुसत्या गणनेने याचे उत्तर मिळत नाही. मागच्या वर्षी पाचशे होते आणि यंदाही पाचशे आहेत, एवढे कळते. पण जुने जगले, की ते मेले आणि दुसरीकडून हुसकावलेले त्यांच्या जागी आले, हे कळत नाही. आपल्याकडे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सालिम अलींच्या नेतृत्वाखाली १९५९ पासून, एकेक पक्षी ओळखता यावा म्हणून, पक्ष्यांच्या पायांत मोठ्या प्रमाणावर धातूची कडी घातली, परंतु त्यांवरचा बारीक क्रमांक वाचायला पक्षी बहुधा पुन्हा हातात यावा लागतो. रंगीत कड्यांचा क्रम मात्र दुर्बिणीतून, पक्ष्याला न पकडता वाचता येतो. ज्या पाणटिवळ्याने २०२१ मध्ये अलास्काहून ऑस्ट्रेलियापर्यंत सुमारे १३,००० किलोमीटर न थांबता प्रवास केला, त्याचा माग उपग्रहाने काढला खरा, पण त्याचे सांकेतिक नाव पायांतल्या निळ्या, निळ्या, लाल आणि पांढऱ्या कड्यांवरूनच पडले होते.

या कड्यांचे खरे मोल वेल्समधल्या कार्डिफला दिसले. तिथल्या उपसागराच्या तोंडावर बंधारा घालून नोव्हेंबर १९९९ मध्ये भरतीचे पाणी अडवण्यात आले आणि चिखलाचा पट्टा गोड्या पाण्याखाली गेला. हा बंधारा विजेसाठी नव्हता, तरी चिखल बुडाल्यावर पक्ष्यांचे काय होते, हे त्याने दाखवून दिले. तिथल्या लाल टिलव्यांना आधीच रंगीत कडी घातलेली असल्यामुळे ते शेजारच्या ऱ्हिम्नी नदीच्या मुखाशी गेल्याचे दिसले. कोणीही म्हणाले असते, की पक्ष्यांना दुसरी जागा मिळाली. परंतु पहिल्याच हिवाळ्यात त्यांना वजन टिकवणे जड गेले, आणि वर्षभर जगण्याचे त्यांचे प्रमाण सुमारे ८५ टक्क्यांवरून ७८ टक्क्यांवर उतरले. ऱ्हिम्नीच्या मूळ रहिवासी टिलव्यांत तशी घट आढळली नाही. म्हणजे ‘उडून जातील दुसरीकडे’ या वाक्याची तपासणी होऊ शकली, ती केवळ बंधाऱ्याच्या आधीपासून पायांत कडी होती म्हणून.

आपल्याकडे खंबातच्या आखातात भरतीओहोटीपासून सुमारे ७,००० मेगावॉट विजेची क्षमता असल्याचा सरकारी अंदाज आहे. कोळसा न जाळता मिळणारी ती वीज मला हवी आहे. पण बंधारा घालून ती काढायची असेल, तर त्या चिखलातल्या पक्ष्यांना कडी घालण्याचे काम नकाशे मंजूर होण्याच्या कितीतरी आधी सुरू झाले पाहिजे, कारण नंतर घातलेली कडी आधीचे काहीच सांगू शकत नाहीत.

आता, जे खाडीवर नोंदी घ्यायला येणार आहेत त्यांच्यासाठी थोडेसे. भरती चढू लागली, की पक्षी धक्क्याच्या जवळ सरकतात. ती वेळ गाठावी. डावा पाय म्हणजे पक्ष्याचा डावा, आपल्या बाजूचा नव्हे. वरून खाली वाचावे, आणि चिखलाने माखलेल्या कड्याचा रंग तर्काने लिहू नये. विसाव्याला उभे असलेले हे पक्षी एक पाय पिसांत ओढून घेतात, आणि एका पायाची नोंद म्हणजे अर्धीच नोंद. मागे एका पाणटिवळ्यासाठी मी जवळजवळ पाऊण तास दुर्बिणीला डोळा लावून बसलो होतो. दिसणाऱ्या पायात पिवळ्याखाली लाल कडे होते. शेवटी पाणी त्याच्या पोटाला लागले, तसा त्याने दुसरा पाय खाली सोडला. एक पाऊल मागे टाकताना तो क्षणभर पाण्याबाहेर आला, आणि त्यात हिरव्याखाली पांढरे होते.