हिंगण्याची वाट

(दृश्य : पुण्यातलं कर्वेनगर, सकाळची वेळ. शाळा-कॉलेजला निघालेल्या मुली.)

आज इथे रस्ता ओलांडायचा म्हटलं तरी दोन मिनिटं थांबावं लागतं. १९०० साली याच भागाला हिंगणे म्हणायचे. सगळं माळरान, आणि पावसाळ्यात चपला हातात घ्यायला लावणारी चिखलाची वाट. फर्ग्युसन कॉलेजात दिवसभर गणित शिकवून झालं, की एक प्राध्यापक संध्याकाळी ही वाट धरायचे. चारेक मैल, पायी.

धोंडो केशव कर्वे.

(दृश्य : जपून ठेवलेली झोपडी. कॅमेरा हळूहळू दारापाशी.)

ही ती झोपडी. शहरात प्लेग ठाण मांडून बसला होता. १८९६ साली विधवांसाठी सुरू केलेला अनाथ बालिकाश्रम गावाबाहेर हलवण्यावाचून इलाज नव्हता. रावबहादूर गोखल्यांनी जमीन दिली आणि तिच्यावर ही झोपडी उभी राहिली. कर्वे रात्री इथे मुलींना शिकवायचे, इथेच पाठ टेकायचे, आणि उजाडलं की पुन्हा कॉलेजकडे. जवळजवळ दोन वर्षं हा क्रम चालला.

एखाद्या दिवशी चार मैल कुणीही चालेल. पण वर्षभर चालून झाल्यावर, अंगावर पाऊस घेत, पुन्हा त्याच वाटेला लागताना या माणसाच्या मनात काय असेल? मला त्याचं उत्तर त्यांच्या लहानपणात सापडतं.

(दृश्य : सह्याद्रीतली पायवाट, धुकं.)

दापोलीजवळचं मुरुड. सतरा वर्षांचा, अंगानं किरकोळ मुलगा सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी साताऱ्याला निघाला. सोबतीला गावातले मित्र. डोंगर-घाट तुडवत सुमारे ११० मैल. पायांची चाळण झाली असेल. साताऱ्याला परीक्षकांनी त्याच्याकडे पाहिलं आणि सांगितलं, तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस. परीक्षेला बसूच दिलं नाही.

आल्या पावली परत.

पुढच्या वर्षी तो मुलगा कोल्हापूरला जाऊन तीच परीक्षा पास झाला.

(दृश्य : मुरुडचा समुद्रकिनारा, नंतर जुनी कौलारू घरं.)

खरा घाव मात्र पुढे बसला. पहिली पत्नी राधाबाई गेल्यानंतर कर्व्यांनी ११ मार्च १८९३ रोजी गोदूबाईंशी लग्न केलं. त्या विधवा होत्या, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदन या शाळेत शिकलेल्या. लग्नानंतर त्या आनंदीबाई झाल्या. आणि मुरुडनं या जोडप्याला वाळीत टाकलं. ज्या गावासाठी कर्व्यांनी मुरुड फंड उभा केला होता, त्याच गावानं! घरच्यांनी थारा दिला तर त्यांच्यावरही बहिष्कार. पोटच्या मुलाला उंबऱ्याबाहेर ठेवताना त्या आईचं काय झालं असेल, हे मला अजून सोसवत नाही.

कर्व्यांनी ना कुणाला शिव्याशाप दिले, ना गावाचं नाव टाकलं. तीन वर्षांनी त्यांनी आश्रम काढला.

(दृश्य : आश्रमाची जुनी छायाचित्रं.)

आनंदीबाईंची बहीण पार्वतीबाई आठवले. याही विधवा. पुण्याला आल्या तेव्हा शिकण्याचं वय उलटून गेलं होतं. त्या शिकल्या, आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत हिंडल्या. पुढे इंग्रजी यावं म्हणून थेट अमेरिकेला गेल्या आणि तिथे लोकांच्या घरी कामं करून राहिल्या. उमेद संसर्गजन्य असते म्हणतात, ती इथे बघावी.

(दृश्य : विद्यापीठाची इमारत.)

१९१६. कर्वे ५८ वर्षांचे. हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या विद्यार्थिनी घेऊन त्यांनी महिला विद्यापीठ सुरू केलं. उद्योगपती विठ्ठलदास ठाकरसींची १५ लाखांची देणगी त्यानंतर चार वर्षांनी आली. तोवर भिस्त होती ती दारोदार मागून आणलेल्या पैशांवर.

(दृश्य : १९५८ सालचं टपाल तिकीट, अगदी जवळून. त्यावर कर्व्यांचा चेहरा.)

शंभरी गाठली त्या वर्षी भारतरत्न मिळालं, टपाल तिकिटावर छबी आली. पण मला आठवतं ते १९३६ साल. खेड्यापाड्यांत प्राथमिक शाळा निघाव्यात म्हणून त्यांनी नवं मंडळ काढलं होतं. वय ७८. आणि वर्गणीसाठी दारावर पुन्हा तीच थाप.