फोडलेली वेदी पुन्हा पेटू नये म्हणून

यहूदाचा, म्हणजे यरुशलेमभोवतीच्या राज्याचा, राजा योशीया याची धर्मसुधारणा इ. स. पूर्व 622च्या सुमाराची: इतर पूजास्थानं बंद करायची आणि पूजा एकट्या यरुशलेमच्या मंदिरात आणायची. मंदिराच्या दुरुस्तीच्या वेळी नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला आणि तिथून पुढचं सगळं घडलं, हे आपण ऐकलेलं असतं. मला आज बोलायचंय ते प्रत्यक्ष कामाबद्दल. बायबलमधल्या ‘2 राजे’ या पुस्तकाचा तेविसावा अध्याय सावकाश वाचा. मंदिरातली अशेरा देवीची मूर्ती बाहेर काढली, किद्रोनच्या ओढ्यापाशी जाळली, उरलं ते कुटून भुकटी केली आणि ती सामान्य लोकांच्या थडग्यांवर टाकली. नुसतं जाळून का भागलं नाही? राखही कुणीतरी जपून ठेवतं. पण प्रेताला शिवलं की सात दिवसांचा विटाळ. थडग्यावरची राख पुन्हा कोण उचलणार? बेथेलच्या वेदीवर तर त्यानं कबरींतली हाडं आणून जाळली. दगड रचून वेदी पुन्हा उभी करता येते, विटाळ मात्र सहज पुसता येत नाही.

यहूदातल्याच लाखीश या शहराच्या वेशीत हेच डोळ्यांनी दिसतं. तिथल्या देवस्थानातल्या वेद्यांच्या कोपऱ्यांवरची शिंगं तोडलेली आहेत, आणि आत चक्क शौचाचा दगड बसवलाय, मधोमध भोक असलेला. मातीची तपासणी झाली तेव्हा तो वापरलाच गेला नसल्याचं दिसलं. जागा बाटवायला नुसता दगड पुरला! उत्खनन करणारे हे काम योशीयाचा पणजोबा हिज्कीया याच्या काळातलं मानतात.

यहूदातल्याच आरादच्या किल्ल्यातली तऱ्हा वेगळी. तिथल्या गाभाऱ्यापाशी दोन धूपवेद्या होत्या, एक साधारण 52 सेंटिमीटर उंच, दुसरी 40. त्या फोडल्या नाहीत. आडव्या ठेवून वर माती लोटली. ते स्थान बहुधा परमेश्वराचंच होतं. म्हणजे परक्या दैवतांबरोबर गावोगावची आपली स्थानंही बंद होत होती, आणि खरी ओढाताण इथेच होती.

कारण वेदी गेली तर खेड्यातल्या माणसानं बकरं कापायचं कुठे? नियमशास्त्रातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात त्याची सोय आहे: आपल्या गावीच कापा, खा, फक्त रक्त पाण्यासारखं जमिनीवर ओता. आणि चौदाव्या अध्यायात: दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, दूर न्यायचा तर धान्य विकून चांदी करा आणि पवित्र स्थानी पोचल्यावर हवं ते विकत घ्या. इतका बारीक विचार करणारा कायदा मला फार मोलाचा वाटतो.

पुजाऱ्यांच्या बाबतीत मात्र घडी विस्कटली. लेवींना, म्हणजे देवाच्या सेवेसाठी नेमलेल्या कुळातल्या लोकांना, बरोबरीचा वाटा, असं ‘अनुवाद’ सांगतो. उच्चस्थानांचे, म्हणजे गावोगावच्या पूजास्थानांचे, याजक यरुशलेमात आणले खरे, पण ते वेदीवर चढले नाहीत. भाऊबंदांबरोबर बेखमीर भाकरी खाण्यापुरतेच उरले.

आणि घरं? यरुशलेमात त्या काळच्या थरांत मातीच्या स्त्रीमूर्ती शेकड्यांनी सापडतात. यिर्मया संदेष्टा सांगतो, पोरं लाकडं गोळा करतात, बाप चूल पेटवतात, बाया आकाशराणी या देवीसाठी पोळ्यांचं पीठ मळतात. इ. स. पूर्व 586च्या सुमारास यरुशलेम पडल्यावर मिसरात (इजिप्तमध्ये) पोचलेल्या लोकांनी त्याला तोंडावर सुनावलं: आकाशराणीला धूप जाळायचं सोडलं तेव्हापासून आम्हाला सगळ्याचीच वाण पडली आहे.