मीटिंग रेकॉर्ड केली, आवाज कुठे गेला?

नमस्कार. मागच्या रांगेपर्यंत ऐकू येतंय ना? बरं. मला आज आवाजाबद्दलच बोलायचंय, त्यामुळे आधी विचारून घेतलं.

२०२० च्या मे महिन्यात आमच्या घरातले सगळे दर रविवारी संध्याकाळी सातला व्हिडिओ मीटिंगवर जमायचे. पुण्याचे, नाशिकचे, न्यू जर्सीतली भाची (तिच्याकडे तेव्हा सकाळचे साडेनऊ), आणि गावाकडून आमची आत्या. आत्या तेव्हा ८२ वर्षांची. एका रविवारी भाचीने सहज विचारलं की आत्याआजी, जात्यावर तुम्ही काय म्हणायचा, आणि आत्या जी सुरू झाली ती सव्वा तास थांबलीच नाही. जातं ओसरीतच होतं, तिने मूठभर ज्वारी वैरली, खुंटा धरला, म्हणाली हात फिरल्याबिगर ओवी येत न्हाई. मी घाईघाईने टॅबलेटवर स्क्रीन रेकॉर्डिंग लावलं. वर लाल ठिपका दिसत होता, मिनिटं पुढे सरकत होती, मी निर्धास्त. रात्री फाइल उघडली तर चित्र एकदम स्वच्छ, आत्याचा हात फिरतोय, ओठ हलतायत, आणि आवाज शून्य. आवाज वाढवून बघितला, इअरफोन लावून बघितला, दुसऱ्या फोनवर टाकून बघितला, काही नाही.

हे माझ्या एकटीचं झालेलं नाही. माझ्याकडे अशाच अडचणी घेऊन बचत गटाच्या ताया येतात, भजनी मंडळाचे लोक येतात, सोसायटीचे सेक्रेटरी येतात, सगळ्यांची तक्रार हीच, की मॅडम चित्र आलंय, आवाज नाही. आणि सगळ्यांना वाटतं की आपलंच काहीतरी चुकलं, चुकीचं बटण दाबलं. तसं नसतं हो. फोन मुद्दाम तसा बनवलेला आहे. हे एकदा समजलं ना, की पुढचं सगळं सोपं होतं.

बघा, आयफोन-आयपॅडवर स्क्रीन रेकॉर्डिंग २०१७ मध्ये आलं. अँड्रॉइडमध्ये काही कंपन्यांनी आपापलं आधीच दिलं होतं, पण खुद्द अँड्रॉइडमध्ये ते २०२० मध्ये, अकराव्या आवृत्तीत आलं. त्याच्या आदल्या वर्षी, अँड्रॉइड १० मध्ये, एका अ‍ॅपला दुसऱ्या अ‍ॅपचा आवाज उचलायची परवानगी मिळाली, पण ती गाण्यांची, सिनेमांची, गेमची. ज्या आवाजावर 'हा कॉल आहे' अशी खूण असते तो आवाज अँड्रॉइड रेकॉर्डरच्या हाती देतच नाही. आणि माइकचं म्हणाल तर मीटिंगच्या अ‍ॅपने एकदा माइक धरला की दुसऱ्या साध्या अ‍ॅपला बहुतेक वेळा नुसती शांतता मिळते. म्हणजे दोन्ही दारं बंद. कारण उघड आहे, तुमच्या फोनवर कुठलंतरी फालतू अ‍ॅप आलं आणि त्याने तुमचे कॉल गुपचूप ऐकले तर? मला हे कारण पटतं. ओव्या गेल्या तरी पटतं. आयफोनवरही कॉल चालू असताना बहुतेकांना हाच अनुभव येतो. २०२५ च्या आयपॅडओएस २६ मध्ये, म्हणजे आयपॅड चालवणाऱ्या प्रणालीच्या त्या आवृत्तीत, ॲपलने कॉल चालू असताना रेकॉर्डिंगची सोय दिली, पण त्यात फक्त आपल्या बाजूचं चित्र आणि आवाज येतो, समोरच्याचा नाही. ही एक गोष्ट लक्षात ठेवा, परत येतेय मी त्याच्यावर.

मग करायचं काय? पहिला रस्ता म्हणजे मीटिंगच्या अ‍ॅपचंच रेकॉर्डिंग. झूमवर फुकटच्या खात्यातून रेकॉर्ड करता येतं पण फक्त कॉम्प्युटरवर, आणि मीटिंग ४० मिनिटांची. फोनवरून रेकॉर्ड करायचं तर पैसे भरलेलं खातं लागतं, रेकॉर्डिंग त्यांच्या क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या त्यांच्या साठ्यात होतं. गुगल मीटलाही फुकटच्या खात्यात रेकॉर्डिंग नाही. म्हणून माझा सल्ला असा की घरातल्या किंवा मंडळातल्या ज्याच्याकडे कॉम्प्युटर आहे त्याला मीटिंगमध्ये बोलवा, होस्टने, म्हणजे ज्याने मीटिंग लावली त्याने, त्याला रेकॉर्डिंगची परवानगी द्यायची, बाकीचे सगळे खुशाल फोनवर बसा. झूमच्या कॉम्प्युटर आवृत्तीत तर प्रत्येक माणसाच्या आवाजाची वेगळी फाइल करायची सेटिंग आहे, ती आधी चालू करून ठेवा, नंतर कुणाच्या खोकल्यामुळे कुणाचं वाक्य जात नाही.

कॉम्प्युटर कुणाकडेच नसेल तर दोन फोन. मीटिंगचा टॅबलेट स्पीकरवर ठेवायचा, इअरफोन काढायचा, आणि वीतभर अंतरावर दुसरा फोन साध्या व्हॉइस रेकॉर्डरवर ठेवायचा. दुसरा फोन वेगळा आहे, त्याला हे वरचे कुठलेच नियम लागत नाहीत, खोलीत जे ऐकू येतं ते तो घेतो. त्याला फ्लाइट मोडवर टाका म्हणजे मध्येच कुणाचा फोन यायला नको. आवाजाची फाइल तासाला साधारण ६० एमबीच्या आत बसते, आणि तेच ४ एमबीपीएसने, म्हणजे सेकंदाला ४ मेगाबिट या वेगाने, स्क्रीन रेकॉर्ड केली तर तासाला १.८ जीबी. ज्यांचा फोन आधीच गुड मॉर्निंगच्या फोटोंनी भरलाय त्यांनी हा फरक बघा. स्क्रीनच रेकॉर्ड करायची असेल तर आधी डू नॉट डिस्टर्ब लावा, नाहीतर बँकेचा ओटीपी वरून घसरत खाली येतो आणि व्हिडिओत कायमचा बसतो, मी पाहिलंय.

पण माझं खरं म्हणणं वेगळं आहे. ओव्या, भजन, भारुड, आजोबांच्या आठवणी असं काही असेल तर इकडे रेकॉर्डच करू नका. बोलणारं माणूस जिथे बसलंय तिथे करा. मघाशी म्हटलं ना, फक्त आपल्या बाजूचा आवाज येतो, तर ही 'आपली बाजू' त्या माणसाची हवी. का, तर मीटिंगचं अ‍ॅप आवाज जसाच्या तसा पाठवत नाही. बोलणं स्पष्ट यावं म्हणून ते मागचा गोंगाट कापतं, आणि त्याला एकसारखा चालणारा कुठलाही आवाज गोंगाटच वाटतो. पंखा, मिक्सर, तंबोरा, पेटीचा सूर, आणि जात्याची घरघर. आत्याच्या ओवीखाली ती घरघर होती, तिच्याच लयीवर ओवी चालते, आणि मशीनने नेमकी तीच काढून टाकली असती. म्हणजे मला त्या दिवशी आवाज मिळाला असता तरी अर्धाच मिळाला असता. झूममध्ये ओरिजिनल साउंड नावाची सेटिंग आहे, ती गाणाऱ्याच्या बाजूला चालू केली की ही कापाकापी थांबते, पण गावाकडचं नेटवर्क मध्येच तुटतं ते तुटतंच.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यासाठी ती माणसं बायकांच्या ओसरीवर जाऊन बसली होती. लॉकडाउनमध्ये आपल्याला जाता येत नव्हतं, पण आत्याकडे तिचा पणतू होता, १२ वर्षांचा. तीन आठवड्यांनी आम्ही परत मीटिंग लावली आणि त्याला सांगितलं की आईचा फोन जात्यापासून हातभर लांब ठेव, फोनखाली घडी घालून टॉवेल ठेव म्हणजे जमिनीची थरथर येणार नाही, व्हॉइस रेकॉर्डर सुरू कर आणि एकदा कॅमेऱ्यासमोर टाळी वाजव. टाळी कशाला, तर नंतर चित्र आणि आवाज जुळवायचा असला की टाळीवर टाळी ठेवायची, सगळं जागेवर बसतं. फाइल त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवली. तसंच पाठवायचं, साधा व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबून लहान केला जातो, डॉक्युमेंट म्हणून २ जीबीपर्यंत जसंच्या तसं जातं.

आता परवानगीचं. झूम रेकॉर्डिंग सुरू झालं की सगळ्यांना सांगतं, तुमचा दुसरा फोन सांगत नाही. म्हणून तुम्ही सांगायचं, तोंडाने, आणि समोरच्याचं 'हो' रेकॉर्डिंगमध्येच आलं पाहिजे. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे हे सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला सांगितलं, पण ते सोडा, घरातल्या म्हातारीला विचारायला कोर्ट कशाला लागतं? आत्याने हो म्हणताना एक अट घातली, सासूवरच्या दोन ओव्या घराबाहेर जाऊ द्यायच्या नाहीत. त्या दोन मी कापून वेगळ्या ठेवल्यात, आजही लावणार नाही.

सोसायटीच्या आणि संस्थेच्या लोकांसाठी एवढंच की मूळ फाइल आणि मूळ फोन दोन्ही जपा. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीवरून खटला झाला, उमेदवारी अर्ज वेळेत भरला की नाही याचा पुरावा म्हणजे व्हिडिओ रेकॉर्डिंग. त्यात १४ जुलै २०२० ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कॉपी दाखवायची तर ती कुठल्या यंत्रातून, कशी काढली याचं सर्टिफिकेट पाहिजेच, पण लॅपटॉप, टॅबलेट किंवा मोबाइलचा मालक स्वतः ते यंत्र घेऊन साक्षीला उभा राहिला तर त्याची गरज नाही. १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष कायदा लागू झालाय, त्याचं कलम ६३ वकिलाकडून समजून घ्या.

आत्या पुढच्या वर्षी गेली. पहिल्या रविवारच्या सगळ्या ओव्या दुसऱ्यांदा आल्या नाहीत, माहेरच्या वाटेवरची एक लांबलचक होती ती आलीच नाही, मी तिच्या हलणाऱ्या ओठांवरून ती ओळखायचा पुष्कळ प्रयत्न केला. पण २२ मिनिटं आहेत. ती आता लावते, पंखे जरा बंद करा. आधी पोराची टाळी ऐकू येईल, मग आत्या विचारेल, 'लागलं का रं तुझं यंत्र?', आणि मग जातं.