कुत्र्याच्या अंगावरचे जिवाणू आणि आपण

श्रोतेहो, नमस्कार. निरोगी कुत्र्याच्या नाकात, तोंडात, जांघेत स्टॅफिलोकॉकस स्यूडइंटरमीडियस हा जिवाणू बहुधा असतोच. माणसाच्या नाकात राहतो तो त्याचा भाऊबंद, स्टॅफिलोकॉकस ऑरियस. एका घरात दोघांचीही ये-जा चालते. औषधांना दाद न देणारा ऑरियस, म्हणजे एमआरएसए, कुत्र्याला बहुतेक वेळा माणसाकडूनच लागतो. तेव्हा सगळा दोष कुत्र्याच्या माथी मारू नका.

कुत्र्याचा जिवाणू माणसाच्या अंगावर सहसा फार काळ टिकत नाही. जपायचं ते उघडी जखम, ताजं ऑपरेशन किंवा कमी प्रतिकारशक्ती असेल तेव्हा. कुत्र्याला जखम चाटू देऊ नका. चावला तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं जखम धुवा आणि रेबीजच्या लसीसाठी लगेच डॉक्टरांकडे जा.

आता कुत्र्याची त्वचा. पोटावर, जांघेत पुवाच्या बारीक पुळ्या येतात. त्या फुटल्या की कडेनं सालपट सुटलेली गोल चकंदळं दिसतात. त्यांना गजकर्ण समजून बुरशीचं मलम चोळत बसण्यात आठवडे जातात. पशुवैद्य काचपट्टीवर नमुना घेऊन मायक्रोस्कोपखाली पाहतात, तेव्हा पेशींच्या पोटात शिरलेले गोल जिवाणू दिसतात.

संसर्ग वरवरचा असेल तर अनेकदा अँटिबायोटिक गोळ्यांची गरजच नसते. 2 ते 4 टक्के क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाचा शाम्पू, आठवड्यातून दोनदा. फेस अंगावर पूर्ण 10 मिनिटं राहायला हवा, घड्याळ लावून. बरेच जण दोन मिनिटांत धुऊन टाकतात आणि मग शाम्पूलाच नावं ठेवतात. डोळ्यांत, कानांत तो जाऊ देऊ नका. हातमोजे घाला, नंतर हात साबणानं धुवा. कुत्र्याचं अंथरूण 60 अंशांच्या पाण्यात धुवा. आणि मुळाशी पिसवा, ॲलर्जी किंवा थायरॉइडची कमतरता असेल, तर तिच्यावर इलाज होईपर्यंत पुळ्या परत येतच राहणार.

गुण आला नाही तर कल्चर करून घ्या, म्हणजे नमुन्यातले जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून त्यांना कोणतं औषध लागू पडतं ते तपासून घ्या. उरलेल्या जुन्या गोळ्या देऊ नका. तुमच्याच जखमेत पू झाला, तर घरात कुत्रा आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. जिवाणू ओळखायला प्रयोगशाळेत करतात ती कोॲग्युलेज चाचणी दोन्ही जिवाणूंना होकारार्थी येते, त्यामुळे कुत्र्याचा जिवाणू ऑरियस म्हणून नोंदला जाऊ शकतो. शिवाय कुत्र्याचा जिवाणू औषधांना दाद देतो की नाही हे ओळखायला ऑक्सासिलिन या अँटिबायोटिकची चाचणी लागते. ऑरियससाठी वापरतात त्या सेफॉक्सिटिन या दुसऱ्या अँटिबायोटिकच्या चकतीच्या चाचणीतून तो निसटतो, आणि अहवालात चालेल म्हणून लिहिलेलं औषध प्रत्यक्षात लागू पडत नाही.