उधाणाला बसायची जागा

(दृश्य: ऐरोलीच्या बाजूने ठाणे खाडी. ओहोटी. समोर दूरवर पलीकडचा काठ.)

ओहोटी निम्म्यावर आली आहे. खाडीच्या मधोमध पाण्याचा एक पट्टा उरलाय. दोन्ही काठांना, तिवरांच्या मुळांपासून त्या पट्ट्यापर्यंत, सगळा चिखल उघडा पडलाय. समोरचा काठ साष्टी बेटाचा. ठाणे, मुलुंड, भांडुप, विक्रोळी ही सगळी त्या बेटावरची गावं, हे लोकलने रोज जाणाऱ्यांच्याही लक्षात राहत नाही. या काठाला ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, नेरूळ. मधली खाडी सुमारे २६ किलोमीटर लांब. ठाण्याकडे ती चिंचोळी आहे आणि वाशीच्या पुढे रुंद होत मुंबई बंदराला मिळते.

मार्च संपत आलाय. चिखलावर दिसणारे ते हजारो ठिपके म्हणजे हिवाळ्याला आलेले स्थलांतरित पक्षी, आणि ते आता निघायच्या तयारीत आहेत.

(दृश्य: चिखलावर चरणारे पक्षी, जवळून.)

आधी चिखल्या बघा. पळतो, थांबतो, टिपतो, पुन्हा पळतो. डोळे मोठे, चोच आखूड. हा नजरेने शिकार करतो, म्हणून त्याला मध्येमध्ये थांबावंच लागतं. शेजारी छोटा टिलवा. चिमणीएवढाच, वजन २० ते २५ ग्रॅम, आणि शिलाई मशीनच्या सुईसारखी चोच मारत पुढे सरकणारा. त्याच्याहून मोठी, टोकाला चोच खाली वाकलेली ती बाकचोच तुतारी. पक्षीनिरीक्षकांच्या वहीत हिची नोंद कर्ल्यू सँडपायपर अशी होते.

तुतारीला किडा दिसावा लागत नाही. तिच्या चोचीच्या टोकाशी स्पर्श ओळखणाऱ्या पेशी दाट असतात. चोच चिखलात गेली की आतली हालचाल तिला तिथेच कळते. शिवाय वरच्या चोचीचं नुसतं टोक तिला उचलता येतं. चोच मुळापासून उघडायची झाली तर सगळा चिखल बाजूला सारावा लागेल. इथे फक्त टोक उघडतं आणि किडा चिमटीत येतो.

मागे लांब पायांचा आणि बोटभर लांब, सरळ चोचीचा मालगुजा, म्हणजे काळ्या शेपटीचा गॉडविट. डोळ्यांपर्यंत तोंड खाली घालून तो खोलवरचे किडे आणि शिंपले काढतो. मादीची चोच नरापेक्षा लांब असते. थवा जवळून दिसला तर दोघांतला फरक ओळखू येतो. चिखल्या वरचा थर खातो, तुतारी त्याखालचा, मालगुजा त्याच्याही खालचा. म्हणून एकाच चिखलावर इतकी गर्दी असूनही भांडणं कमी दिसतात.

(दृश्य: रोहितांचा थवा, चोचीवर कॅमेरा.)

रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, चिखलातलं शेवाळ गाळून खातात. मान वाकवून चोच उलटी पाण्यात, जीभ आतबाहेर, पाणी आत ओढलं जातं आणि काठाच्या बारीक पट्ट्यांतून बाहेर फेकलं जातं. लहान रोहिताची चोच गडद, काळपट लाल. मोठ्या रोहिताची गुलाबी, फक्त टोक काळं. उंचीवरून ओळखायला गेलात तर पिल्लांनी गोंधळ होतो, चोचीवरून होत नाही. गुलाबी रंग येतो तो शेवाळातल्या आणि त्यावर वाढणाऱ्या बारीक जिवांतल्या रंगद्रव्यातून. राखाडी दिसताहेत ते अजून वर्ष-दोन वर्षांचे.

एवढं शेवाळ इथे का, तर खाडीत दोन्ही काठांवरच्या शहरांचं सांडपाणी येतं आणि तिवरांची पानं इथेच कुजतात. सांडपाणी पक्ष्यांना मानवतं, असा अर्थ मात्र कुणी काढू नये. खत प्रमाणाबाहेर गेलं की चिखलातला ऑक्सिजन संपतो आणि किडे मरतात. शेवाळ त्यानंतरही वाढत राहतं. रोहित दिसतात म्हणून खाडी धडधाकट, हे गणित चुकीचं आहे. खाडीची तब्येत बघायची तर टिलवे आणि तुताऱ्या मोजाव्यात.

(दृश्य: एप्रिल. तुताऱ्यांचा थवा, अर्धे राखाडी, अर्धे वीटकरी.)

तीन आठवड्यांनंतर त्याच जागी तोच थवा. हिवाळाभर राखाडी असलेल्या तुताऱ्या आता गळ्यापासून पोटापर्यंत वीटकरी व्हायला लागल्या आहेत. आधी नर, मागून माद्या, आणि मध्येच काही अजिबात न बदललेले. हे गेल्या वर्षी जन्मलेले. त्यांतले बरेच यंदा जातच नाहीत, पावसाळा इथेच काढतात. जूनमध्ये खाडीवर तुतारी दिसली तर ती वाट चुकलेली नसते.

आता पोटाकडे बघा. पायांच्या मागे, शेपटीच्या अलीकडे फुगवटा दिसतोय. तिथे चरबी साठते. हिवाळ्यात ५० ते ६० ग्रॅम भरणारी तुतारी निघायच्या वेळी ८० ग्रॅमच्या पुढे जाऊ शकते. निघण्याआधी अशा लांब पल्ल्याच्या पक्ष्यांत पचनाचे अवयव आकसतात आणि छातीचे स्नायू वाढतात. म्हणजे सुटायच्या आधीचे काही दिवस खाणंही कमी होतं. त्या दिवसांत कुणी त्यांना विनाकारण उडवलं तर खर्च झालेली चरबी पुन्हा भरायला ना वेळ असतो ना तेवढी भूक.

प्रत्येकाचा मुक्काम वेगळा. तुतारी सैबेरियाच्या उत्तर टोकाला, ध्रुवीय प्रदेशात अंडी घालते. मालगुजा कझाकस्तान आणि रशियाच्या गवताळ पाणथळीत, इथला छोटा चिखल्या हिमालयापलीकडे तिबेटच्या पठारावर. हा सगळा मध्य आशियाई उड्डाणमार्ग, ३० देशांवरून जाणारा. रोहितांचा प्रवास त्यामानाने घरातल्या घरात, कच्छच्या रणापर्यंत. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने २०२२ मध्ये सहा रोहितांच्या अंगावर उपग्रहाशी जोडलेली यंत्रं बसवली. ते गुजरातला जातात हे त्यातून दिसलंच, पण खाडीचा चिखल आणि नेरूळची तळी यांच्यामध्ये ते ये-जा करत राहतात, हेही नोंदलं गेलं. या निवेदनासाठी ही दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची.

(दृश्य: भरती चढतेय. पक्षी तिवरांकडे सरकताहेत.)

कारण भरती येते आणि चिखल दिसेनासा होतो.

उधाणाच्या दिवशी, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, मुंबईकडे पाणी चार मीटरहून जास्त चढतं-उतरतं. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, तेव्हा पाणी थोडंच हलतं आणि तिवरांच्या कडेला चिखलाची पट्टी उघडी राहते. त्या दिवशी पक्षी तिथेच भागवतात. उधाणाला मात्र पाणी थेट तिवरांत शिरतं. या पक्ष्यांना फांदीवर बसता येत नाही, बदकासारखं तरंगत राहणंही त्यांच्यातल्या बहुतेकांना जमत नाही. आखूड पायांचे आधी उठतात, रोहित सगळ्यात शेवटी. तीन-चार तास उभं राहायला त्यांना तिवरांच्या मागची उथळ, मोकळी जागा लागते. साष्टीच्या बाजूला ती भांडुप पंपिंग स्टेशनजवळ आणि मिठागरांत आहे. नवी मुंबईत, नेरूळला, टी. एस. चाणक्य या नौवहन प्रशिक्षण संस्थेच्या मागे, एनआरआय संकुलाजवळ आणि डीपीएस शाळेजवळच्या डीपीएस तळ्यात.

(दृश्य: नेरूळचं तळं. थवे उतरताहेत.)

असं तळं दिसायला साधं, चालवायला कटकटीचं. पाण्याची खोली सगळं ठरवते. चिखल्याला ओली जमीनच पुरते. टिलवा आणि तुतारीला ४ सेंटिमीटरपर्यंत पाणी चालतं. मालगुजा १० ते १५ सेंटिमीटरमध्ये आरामात उभा राहतो, रोहित गुडघाभर पाण्यातही. आपण ज्याला पक्ष्याचा गुडघा म्हणतो तो खरं तर घोटा असतो, पण बोलताना गुडघाच. म्हणजे तळ्याचा तळ सपाट असून चालत नाही. एका कडेला उतार हवा.

पाणी येतं खाडीतून, बांधाखालच्या मोरीवाटे. मोरीचा उंबरठा उंचावर असतो, त्यामुळे फक्त उधाणाचं वरचं पाणी आत येतं. एका उधाणापासून दुसऱ्या उधाणापर्यंत पंधरवडा. एप्रिल-मेच्या उन्हात उघड्या पाण्याची पातळी रोज पाच-सहा मिलिमीटरने उतरते. पंधरवड्यात सात-आठ सेंटिमीटर गेले. एक उधाण चुकलं की उथळ कडेबरोबर तळही कोरडा पडतो, दोन चुकली की तळाला भेगा. एरवी नऊ-दहा सेंटिमीटर पाणी असलेल्या तळ्याची ही गत, मग पाच सेंटिमीटरवाल्याचं काय ते सांगायला नको.

(दृश्य: मोरी, झडप, गाळ.)

बिघाड होतो तो इथे. खारबंदिस्तीच्या, म्हणजे खारं पाणी अडवणाऱ्या बांधाच्या, जुन्या उघाडीची झडप भातशेती वाचवण्यासाठी बनलेली असते. ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडायचं, भरती आली की बंद व्हायचं. तळ्याला हवं याच्या उलट. म्हणून झडप काढावी लागते किंवा अडकवून उघडी ठेवावी लागते. नाहीतर खाडी भरलेली आणि तळं रिकामं, असा प्रकार होतो. दुसरा बिघाड गाळाचा. प्रत्येक भरतीबरोबर येणारा गाळ मोरीच्या तोंडाशी बसतो, त्यात प्लास्टिक, त्यावर तिवराची रोपं. तिवर एकदा रुजलं की कायद्याने ते तोडता येत नाही आणि तोडूही नये, म्हणून रोप उगवायच्या आत गाळ काढलेला बरा. तिसरा बिघाड भरावाचा. रस्ता किंवा जेट्टी बांधताना पाण्याची वाटच बुजते.

२०२४ मध्ये डीपीएस तळं असंच आटलं आणि रोहित दगावले. त्याच वर्षी मे महिन्यात घाटकोपरच्या आकाशात एक थवा विमानावर आदळला, तेव्हा तीसहून अधिक मेले.

(दृश्य: पाम बीच मार्गालगत दुर्बिणी लावलेले लोक.)

बघायला जायचं तर दिनदर्शिका काढा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. कोळीवाड्यात हा हिशोब पोराटोरांनाही येतो. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा. छापील कोष्टक अपोलो बंदराचं असतं, ऐरोली-ठाण्याकडे पाणी त्यानंतर चढतं. नेरूळच्या तळ्यांवर तुम्ही पूर्वेला उभे राहून पश्चिमेकडे बघता, म्हणून सकाळचं ऊन पाठीशी हवं. एकादशी ते त्रयोदशी या दिवसांत भरती सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान येते, ती साधा. भरतीच्या दोन तास आधी पोहोचा, थवे उतरताना बघायला मिळतील. भांडुपच्या बाजूला उलटं. तिथे दुपारनंतर, तृतीया ते पंचमीला.

बांधावरून खाली उतरू नका, ड्रोन तर नकोच. पक्ष्याच्या पायात अभ्यासकांनी घातलेली रंगीत पट्टी दिसली तर रंग, डावा पाय की उजवा, गुडघ्याच्या वर की खाली आणि त्यावरची अक्षरं, एवढं सगळं टिपा. नुसता रंग उपयोगाचा नाही. उजव्या-डाव्याचा घोळ सर्वात जास्त होतो. फोटो काढून ठेवला की वाद मिटतो. आणि कुरवांना, म्हणजे सीगलना, गाठ्या-फरसाण घालणं बंद करा. मार्चमध्ये त्यांची डोकी गडद होऊ लागतात, तेही निघायच्याच तयारीत असतात.

(दृश्य: संध्याकाळ. थवा वर चढतोय.)

निघतात ते बहुधा सूर्यास्ताच्या आधी, भरतीच्या सुमाराला. आधी थव्यात आवाज वाढतो. एक तुकडी उठते, गोल फिरते, काही जण परत खाली येतात. उरलेले तिरकी रांग धरून चढत राहतात. दुपारनंतर समुद्राकडून येणारा वारा खालच्या थरात आडवा लागतो, म्हणून उंची गाठायची घाई. थापट्यांसारखी बदकं बरीचशी मार्चमध्येच गेलेली असतात. मालगुजे एप्रिलमध्ये, तुताऱ्या आणि चिखल्या मेच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत. रोहित पावसाच्या तोंडावर.

(दृश्य: मे अखेर. रिकामं तळं.)

खाडीला ऑगस्ट २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला, सुमारे १,६९० हेक्टर. २०२२ मध्ये जागतिक महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत नाव गेलं. चिखल आणि तिवरं त्यात आली. नेरूळची तळी अभयारण्याच्या हद्दीबाहेर राहिली. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. तळ्यांवरून हुसकलेले थवे त्या आकाशात गेले तर काय होईल, हे विमानवाल्यांनाही कळतं.

मोरीतला गाळ काढायला वर्षातले मोजकेच दिवस मिळतात. मेचा दुसरा पंधरवडा आणि जूनचा पहिला आठवडा. तेव्हा लहान पक्षी गेलेले असतात आणि पाऊस अजून यायचा असतो. रोहित मागे असले तर काम त्यांच्यापासून लांबच्या मोरीपासून सुरू करायचं. त्यातही सप्तमी ते नवमीची भांगाची भरती गाठायची, म्हणजे पाणी मोरीपर्यंत येत नाही. गाळ काढून बांधावरच टाकला तर पहिल्या सरीला तो पुन्हा मोरीत येतो. तो गाडीत भरून बाहेर न्यावा लागतो. जुलैच्या शेवटी सैबेरियाहून पहिल्या तुताऱ्या परत येतात, अंगावरचा वीटकरी रंग अजून पुरता न उतरलेल्या. श्रावणातल्या उधाणाला त्यांना तळं लागतं.