चार बटणं आणि आपला माणूस

(टेक्सासमधल्या पाडव्याच्या मेळाव्यातलं भाषण, वेबसाइटसाठी थोडं आवरून)

नमस्कार मंडळी. अध्यक्षांनी मला सांगितलं की काकू, तुम्ही पुण्याहून ताज्या ताज्या आलायत, महापालिकेच्या निवडणुकीवर दहा मिनिटं बोला, फक्त पक्षाचं नाव घेऊ नका. आता हे म्हणजे मिसळ खा पण तर्री घेऊ नका असं झालं. बघू कसं जमतंय.

विषय सुरू झाला तो मागच्या रविवारच्या पॉटलकला, म्हणजे ज्यानं त्यानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला. तिथे एकजण म्हणाले, तुमच्याकडे नगरसेवकाला निदान ग्रॅज्युएशनची अट घाला, सगळं सुधारेल. सगळ्यांनी माना हलवल्या, मी पण हलवली. मग घरी भांडी डिशवॉशरला लावताना माझं मलाच वाटायला लागलं, की मी मान का हलवली बुवा?

कारण अशी अट घालून बघितलेली आहे. राजस्थान आणि हरियाणानं पंचायतीच्या उमेदवारांना शाळेची अट घातली, हरियाणाची अट 2015 ला सुप्रीम कोर्टानं मान्य पण केली, आणि राजस्थाननं 2019 मध्ये आपली काढून टाकली. अट लागली की पहिल्यांदा गळतात त्या गावातल्या बायका, कारण त्यांना शाळेत कोणी घातलंच नव्हतं. म्हणजे आधी शिकू द्यायचं नाही आणि मग शिकली नाहीस म्हणून उभं राहू द्यायचं नाही.

बरं, या हॉलमध्ये महाराष्ट्रातल्या विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजातून शिकलेले किती, हात वर करा बघू. (निम्म्याहून जास्त हात वर झाले.) ही कॉलेजं काढायला परवानगी मिळाली 1983 ला, आणि ती देणारे मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांची स्वतःची शाळा अर्धवट सुटलेली. डोनेशन वगैरेचं भांडण वेगळं, ते मी इथे उकरून काढत नाही. पण दादांना ग्रॅज्युएशनची अट असती तर तुमच्यातले बरेच जण आज इथे असते का, सांगा.

आणि दुसरीकडे सी. डी. देशमुख बघा. आयसीएसच्या परीक्षेत पहिले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मग देशाचे अर्थमंत्री, याहून शिकलेला माणूस आणायचा कुठून. मी बँकेत 34 वर्षं काढली त्यामुळे मला त्यांचं गव्हर्नरपद आठवतं, पण माझ्या वडिलांना विचारलं असतंत तर ते एकच सांगायचे, मुंबईसाठी राजीनामा दिला तो माणूस. 1956 ला. म्हणजे एवढी मोठी डिग्री, पण लोकांच्या मनात बसली ती "हा आपला आहे" ही गोष्ट.

आता हा "आपला" म्हणजे कोण, खरी गंमत तिथे आहे. तुमच्या टेक्सासचेच धाकटे बुश घ्या, 2004 च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत इथे चर्चा काय, तर कोणाबरोबर बसून बीअर प्यायला आवडेल, आणि त्या माणसानं दारू 1986 लाच सोडलेली! येल, हार्वर्ड, वडील राष्ट्राध्यक्ष, तरी बूट घालून रँचवर झुडपं तोडताना दिसले की झाले साधे. आपल्याकडेही कोणी वडापाव खातानाचा, कोणी शेतात चिखलात उभं राहिलेला फोटो काढतो, हे तुम्हाला मी काय सांगायचं.

पण आपण सुशिक्षित लोक याला हसतो ना, तिथेच आपली चोरी पकडली जाते. कारण आपण "क्वालिफाइड उमेदवार हवा" म्हणतो तेव्हा डोळ्यासमोर कोण येतं? नीट इंग्रजी बोलणारा, परदेशात राहून आलेला, थोडक्यात आपल्या भाच्यासारखा दिसणारा. मग आपण पण आपलाच माणूस शोधतोय की, फक्त त्याला नाव लायकी दिलंय. वस्तीतली बाई रात्री अकराला टँकर आणून देणाऱ्याला मत देते ते भावनेच्या भरात, आणि मी सीएला देते ते विचार करून, असं मी कितीतरी वर्षं मानत आले.

माझं डोकं फिरलं ते प्रशासकाच्या काळात. पुण्यात मार्च 2022 ला नगरसेवकांची मुदत संपली आणि जानेवारी 2026 पर्यंत निवडणूकच नाही, जवळजवळ चार वर्षं कारभार आयएएस अधिकाऱ्याकडे. म्हणजे पॉटलकवाल्यांचं स्वप्नच, देशातली सगळ्यात अवघड परीक्षा पास झालेला माणूस, वर मतं मागायची भानगड नाही. बजेट प्रशासकानंच मांडायचं आणि प्रशासकानंच मंजूर करायचं. पूर्वी स्थायी समितीत आरडाओरडा व्हायचा, "स" यादीवरून, म्हणजे नगरसेवकांनी आपापल्या भागासाठी सुचवलेल्या कामांच्या यादीवरून रुसवेफुगवे व्हायचे, आम्ही टीव्हीवर बघून नाकं मुरडायचो, पण त्या आरडाओरड्यात निदान कळायचं तरी की कोणाच्या गल्लीतले पैसे कुठे वळवले. 2021 ला 23 गावं महापालिकेत आली, त्यांची ग्रामपंचायत गेली आणि नगरसेवक तर मिळालाच नाही. सरपंच गेला, त्याच्या जागी आलं अ‍ॅप. अ‍ॅपवर तक्रार टाकली की टोकन नंबर येतो, पण टोकन नंबरच्या घरी जाऊन त्याला चार शब्द सुनावता येत नाहीत हो. अधिकारी वाईट होते असं मी म्हणत नाहीये, काही फार हुशार होते. पण त्यांना पाडायची सोय माझ्याकडे नव्हती, तेव्हा मला त्या हुशारीचा काय उपयोग?

तर यंदा 15 जानेवारीला, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, मी मतदानाला गेले. आमच्याकडे प्रभागात चार जागा, अ ब क ड, त्यामुळे चार मतं. रिलेटेबल की क्वालिफाइड हा वाद घालणाऱ्यांसाठी सोयच म्हणायची! सगळ्यांची प्रतिज्ञापत्रं आधीच वाचून गेले होते, शिक्षण, केसेस, मालमत्ता, बँकेची सवय दुसरं काय. अ ला टँकरवाला, ब ला एक सीए बाई, क ला आमच्या सासूबाईंच्या वेळी पहाटे वैकुंठ स्मशानभूमीत येऊन उभा राहिलेला मुलगा. ड ला मात्र मी अडकले, एकाकडे डिग्री होती पण तो कधी दिसला नव्हता, दुसरा रोज दिसायचा आणि तेवढंच.

मागे रांग, मशीन वाजेना, आणि तिथला कर्मचारी म्हणतोय, "काकू, ड राहिलंय, दाबा लवकर." दाबलं एकदाचं. कोणाचं ते विचारू नका, अध्यक्षांनी पक्षाचं नाव घ्यायचं नाही म्हणून बजावलंय. चला, पुऱ्या गार होतायत.